पहिली दहा पानं

वन्संच्या कादंबरीला पहिलं नकाराचं पत्र आलं तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते आणि त्या पन्नास. आता मीच ऐंशीला टेकले आहे. मधलं कितीतरी पुसट झालं, समोरच्या बिऱ्हाडातल्या माणसांची तोंडंसुद्धा आठवत नाहीत, पण त्या पत्रांचे कागद कुठल्या रंगाचे होते ते आजही सांगू शकते. पहिला फिकट निळा होता.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती. दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या, त्यातली सगळ्यात लहान त्यांची. नोकरी हॉस्पिटलात, कपडेखोलीत. चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे, बाळांची दुपटी धुऊन तिथं येत. फाटकं निवडून शिवायला जाई, शिवण्यापलीकडचं फाडून पट्ट्या होत, बाकीचं घड्या होऊन पुन्हा वॉर्डात. त्या खोलीच्या वन्सं प्रमुख. डॉक्टर मागून त्यांना ‘चादरबाई’ म्हणत आणि समोर आले की नीट उभे राहत. धुऊनही न गेलेल्या डागावरून, ती चादर कुठल्या वॉर्डातली आणि तिथं काय झालं असेल, हे त्या सांगू शकत.

कादंबरी त्याच खोलीची होती, तिथं काम करणाऱ्या पाच बायकांची. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तासभर त्या लिहायला बसत. दार लावून घेत नसत, पण त्या तासात आम्ही त्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन जायचो. अशी सहा वर्षं लिहून पुठ्ठ्याच्या सात वह्या झाल्या.

टायपिंग माझं. मी एका वकिलांच्या कचेरीत टायपिस्ट होते. स्वल्पविराम हलला तर खटला हलतो, असं तिथं पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, आणि अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एकही हलला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. दुपारच्या सुट्टीतला अर्धा तास आणि शनिवारची उरलेली वेळ काढून मी त्या सात वह्या टाईप केल्या. तीनशे अठरा पानं झाली.

वन्सं ती पानं घेऊन एका मोठ्या प्रकाशकाकडे गेल्या. तिथल्या मुलीनं पिशवीकडे पाहून सांगितलं, आम्ही लेखकांकडून थेट घेत नाही, एजंटमार्फत या.

“एजंट?” रात्री जेवताना हे म्हणाले. “विम्याचा की जागेचा?”

“पुस्तकाचा.”

“पुस्तकाला एजंट! उद्या म्हणशील, चिठ्ठीला वकील.”

“तुझी बायको दुसरं काय टाईप करते दिवसभर?” वन्सं म्हणाल्या. “गप जेव.”

ग्रंथालयातल्या जाड निर्देशिकेतून त्यांनी अठरा एजंटांची नावं उतरवून आणली. नियम सगळ्यांचे सारखेच. एक पत्र पाठवायचं, कादंबरीचा सारांश एका पानात, आणि पहिली दहा पानं. जास्त नाही. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. एका वेळी एकाकडेच पाठवायचं. उत्तर तीन ते सहा महिन्यांत. ती दहा पानं पसंत पडली, तर बाकीची मागवतील.

परतीच्या पाकिटावरचा पत्ता वन्संच्याच अक्षरात असायचा. त्यामुळे जिन्याखालच्या पत्रपेटीच्या फटीतून नुसती कडा दिसली तरी कळायचं. आपण लिहिलेलं पाकीट आपल्याच दारात परत. पहिल्यांदा ते आलं तेव्हा त्या ते हातात धरून जिन्यातच थांबल्या होत्या. मी वरून विचारलं, “काय झालं?” तर म्हणाल्या, “काही नाही. माझंच पत्र आहे.”

आत चार ओळी होत्या. आपलं लेखन आमच्या यादीत बसत नाही, शुभेच्छा. पत्र वाचून हे म्हणाले, “बसत नाही तर उभं ठेवा म्हणावं.” कोणी हसलं नाही. यांनाही नंतर बरं वाटलं नसावं, कारण त्या दिवशी न सांगता कपबशा विसळल्या.

दुसरं उत्तर पाच महिन्यांनी. तिसरं सात महिन्यांनी, तेही स्मरणपत्र लिहिल्यावर. मधले महिने कसे गेले ते काय सांगू. वन्संनी स्वतःला काही शिस्ती लावून घेतल्या होत्या. पेटीची किल्ली यांच्याकडे दिली, म्हणजे उठसूट खाली जायला नको. पाकीट आलं तर आधी कामाचे कपडे बदलायचे, तोंड धुवायचं, मग खुर्चीत बसून उघडायचं. उघडल्यावर जेवणापर्यंत कोणी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी लावून यादीतलं नाव खोडायचं आणि पुढच्याला पत्र लिहायला घ्यायचं. पट्टीशिवाय त्या खोडत नसत. हॉस्पिटलात असंच खोडतात म्हणायच्या, खालचं वाचता आलं पाहिजे.

एवढ्या शिस्ती, पण जीव टांगणीलाच. सुट्टीच्या दिवशी टपाल येत नाही म्हणून त्यांना सुट्टीचा दिवस आवडायला लागला. त्या दिवशी त्या चक्क गाणं गुणगुणायच्या.

परत आलेली पानं पुन्हा पाठवण्यासारखी राहत नसत. कोपरे दुमडलेले, एकावर कपाचा गोल डाग. म्हणून दर वेळी ती दहा पानं नव्यानं टाईप करायची, म्हणजे पुढच्याला वाटावं की आपल्यालाच पहिल्यांदा पाठवली आहेत. तिसऱ्या नकारानंतर वन्सं मला म्हणाल्या, “ती पानं आता मला बघवत नाहीत गं. वाचायला घेतली की त्यांच्या डोळ्यांनी वाचते. तू कर टाईप आणि तूच घाल पाकिटात. मला फक्त पत्ता लिहायला देत जा.”

आणि चौथ्या वेळी माझ्या हातून ते झालं.

कचेरीत दुपारच्या सुट्टीत मी पहिलं पान करत होते. वन्संच्या पहिल्या पानावर कपडेखोलीचं वर्णन होतं, फळीन् फळीचं. ‘तिसऱ्या फळीवर’ हे शब्द दोनदा होते, सहा ओळींच्या अंतरानं. मध्येच मोठे कारकून काहीतरी विचारायला आले. परत बसले तेव्हा डोळा वरच्या ‘तिसऱ्या फळीवर’ऐवजी खालच्यावर पडला आणि मी तिथून पुढे सुटले. टायपिस्टांच्या बाबतीत असं होतं, प्रत्येकीला हे माहीत आहे. पान संपल्यावर ताडून पाहिलं. सहा ओळी गेल्या होत्या.

नवा कागद मशीनला लावला. टाईप करण्याआधी ते पान एकदा वाचलं. त्या सहा ओळींत खिडकी होती, तिच्या गजांचा रंग होता, खुंट्या होत्या. त्या नव्हत्या, तर चादरी घेऊन येणारी बाई लगेच दारात दिसत होती. मी नवा कागद मशीनमधून काढला आणि ते पान तसंच पाकिटात घातलं. मनात म्हटलं, सुट्टी संपत आली आहे. खरं तर दहा मिनिटं होती.

चौथा नकार आला, पण त्या पत्राखाली कोणीतरी शाईनं लिहिलं होतं: ‘सुरुवात पकड घेते.’

तीन शब्द. वन्संनी ते पत्र आठवडाभर टेबलावर ठेवलं होतं. “चौघांतल्या एकानं तरी वाचलं गं,” त्या म्हणाल्या. “माणूस नाही म्हणाला तरी चालेल, वाचून म्हणावं.” त्या दिवशी त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मला ‘ते माझ्या चुकीमुळे’ असं सांगवेना. उद्या सांगू म्हटलं.

पाचव्या वेळी मी मुद्दाम गाळलं. आधी नुसतं गाळत होते. मग गाळलेल्या जागी दोन तुकडे जोडायला एखादं वाक्य लागायचं, ते घालू लागले. मग घातलेलं वाक्य आधीच्यापेक्षा बरं वाटायचं. प्रत्येक नकारानंतर वन्सं पत्ता लिहायच्या आणि मी पानं सुधारायचे, आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हणायचे, त्यांच्यासाठीच तर करतेय. मला त्यात मजा येत होती, हेही सांगायला हवं. दिवसभर दुसऱ्यांचे दस्तऐवज जसेच्या तसे उतरवल्यावर तो अर्धा तास माझा असायचा. नवव्या वेळेपर्यंत पहिली दोन पानं अशी झाली होती की त्यात वन्संची पाच बायकांची नावं तेवढी राहिली होती.

पाचवा, सहावा, सातवा, आठवा, नववा. सगळे नकार. पण आता शाईतल्या ओळी येऊ लागल्या होत्या. ‘आणखी काही लिहिलंत तर पाठवा.’ ‘थोडक्यात हुकलं.’ वन्सं त्या ओळी दोन-दोनदा मोठ्यानं वाचायच्या आणि म्हणायच्या, “मुरतंय गं, मुरतंय.” सहा वर्षं झाली होती एव्हाना. केस पिकले होते त्यांचे.

दहाव्या एजंटबाई होत्या. त्यांचं पाकीट आलं ते आमचं नव्हतं. त्यांचं स्वतःचं, लांबट, पांढरं. हे जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आले, आणि मी यांना लग्नानंतर कधी धावताना पाहिलं नव्हतं. “ताई, कपडे बदलायच्या भानगडीत पडू नकोस. उघड!”

‘पहिली दहा पानं वाचून आनंद झाला. संपूर्ण हस्तलिखित पाठवावं.’

वन्संनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मग आत जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवला आणि त्यात साखर घालायला विसरल्या. आम्ही तो तसाच प्यायलो.

कपाटात तीनशे अठरा पानं होती, वन्संची. एजंटबाईंनी वाचलेली दहा त्यात नव्हती. माझं दहावं पान जिथं संपत होतं तिथं वन्संचं चौदावं अर्ध्यावर आलेलं होतं. त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, मी समोर उभी होते, हातात कप होता. मी म्हटलं, “वन्सं, तुम्ही नका त्रास घेऊ. पानं मी लावून देते.”

चार दुपारी लागल्या मला. माझं दहावं पान आणि त्यांचं चौदावं यांचा सांधा जमवला, पुढच्या सगळ्या पानांचे आकडे खोडरबरानं बदलले. वकिलांच्या कचेरीत अशा कामाला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक होतं. वन्संनी हॉस्पिटलातून पांढरी नाडी आणली आणि गठ्ठा बांधला. न उघडता बांधला.

मग आठ महिने. त्या आठ महिन्यांत वन्सं निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी एका परिचारिकेनं विचारलं, “आता वेळ कसा जाणार, बाई?” तर म्हणाल्या, “वाट बघण्यात. मला सवय आहे.” घरी असल्यामुळे पेटीची किल्ली त्यांनी यांच्याकडून परत घेतली. सकाळी टपालवाला येऊन गेला की त्या पातळ नीट करून खाली जायच्या आणि रिकाम्या हातानं वर यायच्या. कधी मी विचारलं नाही, कधी त्यांनी सांगितलं नाही. मी रात्री अंथरुणावर पडले की प्रार्थना करायचे. ती कशासाठी, ते मलाही धड कळत नव्हतं: हो यावं म्हणून, की त्या बाईंनी गठ्ठा हरवावा म्हणून.

उत्तर आलं ते टाईप केलेलं, दीड पानाचं. वन्संनी वाचलं. सकाळची वेळ, मी डोक्यावरून पाणी घेऊन केस पुसत होते. त्या मला म्हणाल्या, “इकडे ये. हे वाच. मोठ्यानं.”

मी वाचू लागले. एजंटबाईंनी लिहिलं होतं की पहिली दहा पानं लिहिणाऱ्याला काय सोडायचं ते कळतं, पुढची पानं लिहिणाऱ्याला काहीच सोडायचं नाही. एकाच हाताचं हे लेखन वाटत नाही. पुढची पानं पहिल्या दहांसारखी करता आली तर जरूर पुन्हा पाठवावं. आणि खाली त्यांना आवडलेलं एक वाक्य दिलं होतं: ‘चौथ्या वॉर्डातून आलेल्या चादरीवर काहीच नव्हतं, म्हणून तिनं ती दोनदा उलटून पाहिली.’

“हे वाक्य माझं नाही,” वन्सं म्हणाल्या.

मी पत्राची घडी घालून टेबलावर ठेवली.

“तुझं आहे?”

“हो.”

“आणखी किती आहेत?”

मला आकडा सांगता येईना. त्या उठल्या, कपाटातून पहिली वही काढली, माझ्याकडून पानांची कार्बन प्रत मागून घेतली आणि खोलीत गेल्या. पट्टी घेऊन ओळीशी ओळ लावून पाहत बसल्या, धोब्याकडून आलेले कपडे यादीशी ताडून पाहायच्या तसं. जेवायला आल्या नाहीत. मी ताट नेऊन ठेवलं, ते तसंच राहिलं. दुपारी चारच्या सुमारास बाहेर आल्या.

“पहिले तीन माझे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“नकार. पहिले तीन माझे. चौथ्यापासून तुझे. म्हणजे सहा वेळा मी कपडे बदलून, तोंड धुऊन खुर्चीत बसले, आणि ते मला नाही म्हणालेच नव्हते. तुला म्हणाले होते.”

“वन्सं, मी तुमच्यासाठीच...”

“थांब. मी बोलते आहे.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “माझं वाईट असेल. तिनं लिहिलंय ते खरंही असेल, काही सोडायचं मला कळत नसेल. पण ते मला कोणी सांगायचं? माझं वाचणाऱ्यानं ना? आठ वर्षांत माझं वाचलं कोणी? तिघांनी. आणि या बाईनं, तेही तुझ्या पानांना लावून. मी एवढं ते सोसलं ना गं, रोज थोडं थोडं, ते कुणाचं सोसलं मी?”

मला रडू आलं. त्या म्हणाल्या, “रडू नकोस आत्ता. तू रडलीस की मला तुझी समजूत काढावी लागेल, आणि मला ती काढायची नाही.”

संध्याकाळी यांना कळलं. हे माणूस साधे, यांना हे सगळं चांगलंच वाटलं. “अगं मग भांडताय कशाला? ती बाई म्हणतेच आहे, बाकीची पानं तशी करा. ही करेल. तू सांग, ही करेल. पुस्तक निघेल. घरातलं घरात.”

“आणि वर नाव कुणाचं?”

“तुझं. म्हणजे... आपल्या घराचं.”

“घर सही करत नाही,” वन्सं म्हणाल्या.

त्या रात्री मी एकटीनंच विचार केला की मला ते करायला आवडलं असतं. तीनशे पानं. ही गोष्ट मी कोणाला बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी वन्संनी एजंटबाईंना पत्र लिहिलं, हातानं. पहिली दहा पानं माझ्या भावजयीची आहेत, बाकीची माझी, आपले आठ महिने गेले याबद्दल क्षमा असावी. मला वाचायला दिलं. मी म्हटलं, “असं कशाला कळवायचं?” तर म्हणाल्या, “तिनं वाचलंय. वाचणाऱ्याला खोटं ठेवू नये.”

दोन महिने आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. “पाणी आलं.” “दूध उतू जाईल.” मी “वन्सं” म्हणायचे, त्या “हं” म्हणायच्या. हे दोघींच्या मध्ये वर्तमानपत्र धरून बसायचे.

मग एजंटबाईंचं उत्तर आलं. अवघ्या पंधरा दिवसांत आलं होतं. वन्संनी दीड महिना स्वतःजवळ ठेवलं होतं. एका सकाळी त्यांनी ते माझ्या पोळपाटाशेजारी ठेवलं. “तुझं आहे. मी फोडलं, कारण वर माझं नाव होतं. लगेच द्यायला हवं होतं. दिलं नाही. आता झाली फिट्टंफाट, की नाही ते तू ठरव.”

त्यात लिहिलं होतं: आपल्या भावजयीनं स्वतःचं काही लिहिलं असेल तर वाचायला आवडेल.

अशी ओळ येण्यासाठी वन्सं आठ वर्षं थांबल्या होत्या. आणि ती मला, न मागता आली होती. मी पिठाच्या हातांनी तो कागद धरून उभी राहिले. खूप आठवून पाहिलं. मला लिहायचं असं काही होतं का? दुसऱ्यानं लिहिलेलं समोर असलं की मला दिसायचं, हे नको, हे हवं. कोरा कागद लावला की वकीलसाहेबांचं ‘खाली सही करणार’ सोडून काही सुचायचं नाही. आठवडाभर दुपारच्या सुट्टीत मी प्रयत्न केला. नाही झालं.

“मी त्यांना नाही म्हणून कळवते,” मी वन्संना म्हटलं.

“खरंच काही नाही तुझ्याकडे?”

“खरंच नाही.”

त्यांनी पत्रावरची तारीख पाहिली. मग म्हणाल्या, “मग घाई करू नकोस. सहा महिने लाव उत्तराला. त्यांनाही कळू दे.”

दोन महिन्यांनी आम्ही पहिल्यांदा हसलो. मी मात्र त्याच दिवशी चार ओळी टाईप करून टाकल्या. नाही म्हणायला चार ओळीच लागतात, हे तेव्हा कळलं, आणि त्यातली प्रत्येक ओळ लिहिताना वाईट वाटतं हेही.

त्यानंतर वन्संनी मला वही आणून दिली. “माझी दहा पानं कर. जशी आहेत तशी. मी शेजारी बसते.” शनिवारी दुपारी रिकाम्या कचेरीत त्या माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या, हात मांडीवर. खिडकी, गज, खुंट्या, सगळं. एका ठिकाणी माझी बोटं थांबली. त्या नुसतं “हं” म्हणाल्या आणि मी पुढे गेले. अकरावं नाव, पत्र, सारांश, दहा पानं, त्यांच्या अक्षरातलं पाकीट.

या वेळी त्या वेगळ्या तऱ्हेनं थांबल्या असं मी म्हणणार नाही. तशाच थांबल्या. जिना उतरायच्या, रिकाम्या हातानं चढायच्या. गुडघे दुखायला लागले होते, तरी किल्ली यांना दिली नाही. तिसऱ्या महिन्यात एकदा म्हणाल्या, “हो येईल असं मला वाटत नाही गं. पण पाकीट यायला हवं.” पाचव्या महिन्यात ताप येऊन चार दिवस झोपून होत्या, तर मला रोज खाली पाठवायच्या, आणि मी वर आले की माझ्या हातांकडे आधी पाहायच्या.

सात महिन्यांनी पाकीट आलं. त्या बऱ्या झाल्या होत्या, त्यांनीच आणलं. कपडे बदलले, तोंड धुतलं, खुर्चीत बसल्या. हे नेमके घरी होते, वर्तमानपत्र खाली ठेवून बघत राहिले. आत छापील चार ओळी. शाईतलं काही नाही. उलटून पाहिलं, मागंही काही नाही.

“नाही म्हणाले,” त्या म्हणाल्या.

जेवणापर्यंत बोलायचं नाही, हा नियम आम्हाला माहीत होता. पण त्याच बोलल्या. “माझ्या पानांना म्हणाले.” त्यांनी पत्राची घडी घातली, चादरीची घालायच्या तशी, कडेला कड लावून, आणि ते पहिल्या तीन पत्रांबरोबर ठेवलं. मधली सहा त्यांनी वेगळी काढली होती. ती माझ्याकडे दिली. “ही तुझी. ठेव किंवा टाक.”

कादंबरी निघाली का, असं मला अजून कोणी कोणी विचारतं. नाही निघाली. यादीतली सात नावं उरली होती, वन्संनी सगळ्यांना पानं पाठवली. सहा जणांनी परत केली, एकानं तर पाकीटसुद्धा पाठवलं नाही. प्रत्येक वेळी त्या खुर्चीत बसल्या, आणि एकदा मात्र, पंधराव्याला की सोळाव्याला, न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. हे म्हणाले, पाणी वाया चाललंय, आणि मी यांना गप्प बसवलं.

अठरावं नाव खोडलं त्या दिवशी सकाळी त्या सातही वह्या घेऊन माझ्यापुढे आल्या. मीही तोवर नोकरी सोडली होती. त्यांनी वह्या टेबलावर मांडल्या, एक पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि पट्टी स्वतःकडे घेतली.

“यादी संपली,” त्या म्हणाल्या. “आता तू सांग. काय जास्त आहे, काय कमी आहे, सगळं. पण माझ्या तोंडावर सांगायचं. आणि मी नाही म्हटलं तर नाही.”

“तुम्हाला राग येईल.”

“येईल तर. यायलाच हवा. कर सुरू.”

मी पहिली वही उघडली. पहिल्या ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

“वन्सं, ही सगळी ओळच...”

“का?”

मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, ओठ न हलवता तिसऱ्यांदा वाचली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “राहू दे. पुढची?”